गवततज्ज्ञ

शेळीनं चाळीस मिलिमीटरचा तुकडा खाल्ला आणि तात्यांचा निर्णय झाला.

"ह्यो नको," तात्या म्हणाले. "जनावर खुळं नसतंय. तिला खरं वाटलं म्हंजे माणसांनाबी वाटंल. डबं घिऊन बसायला येतील इथं."

शेळी शेजारच्या शालनकाकूंची होती. शेडचं दार उघडं दिसलं की आत यायची. टेबलावर प्लॅस्टिकच्या गवताचे तीन नमुने मांडले होते. चाळीस मिलिमीटर उंचीचा, पंचवीसचा आणि पंधराचा. तात्यांना चाळीसचाच पसंत होता, कारण त्यात "गवत दिसतंय तरी." जिममध्ये वजनाची गाडी ढकलायला आणि पळायला आखूड, दाट गवत लागतं हे मी त्यांना आठवडाभर समजावत होतो. शेळीला अर्धं मिनिट लागलं.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. विट्यात त्यांचे वीस यंत्रमाग होते. ते विकून रिकाम्या शेडमध्ये ते जिम काढत होते. माग गेले, पण फरशीत बोल्टांची भोकं राहिली होती. ती सिमेंटनं बुजवून एका बाजूला मशिनी आणि दुसऱ्या बाजूला साठ फूट लांब हिरवा पट्टा, असा बेत होता. हिरव्या पट्ट्याचं सगळं काम माझ्याकडं होतं, कारण माझ्याकडं कृषी पदविका होती.

"गवताचं शिक्षण आपल्या घरात फक्त तू घेतलंयस, महिपती," तात्या म्हणाले होते.

"तात्या, आम्हाला गवत काढायला शिकवायचे."

"मग आता लावायला शीक."

इंद्रजितनं उरलेल्या दोन तुकड्यांवर अनवाणी पाय दाबून पाहिला. टाच, मग चवडा, मग अंगठा. जत्रेत बैल घेताना बघतात तसा चेहरा करून तो म्हणाला, "पंधराचं घ्या. ह्याच्यावर पाय सुटतोय."

"सुटतोय म्हंजे?"

"म्हंजे पळता येतंय, तात्या."

तात्यांनी मान हलवली. पळण्याच्या बाबतीत इंद्याचा शब्द शेवटचा, कारण पट्टा सगळ्या गावासाठी असला तरी घाई त्याच्यासाठी होती.

इंद्या माझ्या आळीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्यानं आधी दोनदा दिली होती. पहिल्या वेळी दोन मार्कांनी गेला. दुसऱ्या वेळी गोळाफेकीत गोळा हातातून मागं निसटला आणि मोजणाऱ्या हवालदाराच्या खुर्चीखाली जाऊन बसला. ही तिसरी वेळ. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून जाणार होतं, म्हणजे ही शेवटची. त्याचे वडील तीस वर्षं होमगार्ड होते. प्रत्येक बंदोबस्तात ते पोलिसाच्या शेजारी उभे असायचे, आणि लोक पत्ता विचारायचा झाला तरी पोलिसालाच विचारायचे. इंद्याला घरी दुसरं काही व्हायचं सुचवलंच गेलं नव्हतं.

त्यात गावचं मैदान पंधरा दिवस कृषी प्रदर्शनाला दिलेलं. जिथं इंद्या पळायचा तिथं आता ट्रॅक्टर आणि ठिबकचे मांडव होते. डांबरी रस्त्यावर पळून त्याच्या नडगीची हाडं धरली होती, डॉक्टरांनी रस्ता बंद केला होता. चाचणीला पंधरा दिवस होते. राहिलं कोण, तर आमचं साठ फूट गवत. तेही अजून गुंडाळीत.

गुंडाळ्या पुण्याहून आल्या. ज्यांच्याकडून घेतल्या त्या मॅडम फोनवर फार व्यवस्थित बोलायच्या. त्यांचा बसवणारा माणूस दिवाळीनंतरच मोकळा होता, म्हणून त्यांनी मला फोनवर सगळं शिकवलं.

"दोन पट्टे शेजारी येतील. दोन्हीचे केस, म्हणजे पाती, एकाच दिशेला हवेत. मध्ये जोड येईल. जोडाखाली रुंद पट्टी, पट्टीवर गोंद. वरून वजन ठेवा. आणि अठ्ठेचाळीस तास कुणीही त्यावर पाय ठेवायचा नाही."

"मालकांनीसुद्धा?"

"कुणीही म्हणजे मालक धरून."

मंगळवारी दुपारी मी आणि इंद्यानं ते गवत बसवलं. केस कुठल्या दिशेला आहेत हे कळायला हात फिरवून बघावा लागतो, म्हणून आम्ही दोघं तासभर गवताला कुरवाळत होतो. शालनकाकू दारात येऊन बघून गेल्या. मग दोघं पालथे पडलो. तो कडा धरायचा, मी गोंद ओतायचो, मग दोघं मिळून कडा कडेला भिडवायचो.

"पोलीस झालो की पयला तुला आत टाकतो," इंद्या म्हणाला. त्याच्या हनुवटीला गोंद लागला होता.

"कशापायी?"

"बघीन काहीतरी. कलमं काय थोडी हायत व्हय?"

"मग हे गवत कोण बघंल?"

"तवा सोडतो जामिनावर."

जोड असा जुळला की मलाच दिसेना. इंद्यानं त्यावरून बोट फिरवलं, डोळे मिटून. "कुठाय?" म्हणाला. आम्ही जिममधली एकूण एक प्लेट आणून जोडावर ओळीनं ठेवली. उद्घाटन शुक्रवारी होतं. सगळं वेळेत होतं.

बुधवारी सकाळी नऊला तात्यांचा फोन आला. "सायेब आज येत्यात. अकराला."

"तात्या, शुक्रवारी ठरलंय!"

"शुक्रवारी त्यास्नी दोन लग्नं आन् एक बारसं हाय."

"अहो, गोंद ओला आहे. अठ्ठेचाळीस तास सांगितलेत."

"मग सायबास्नी काय सांगू? गवत वाळायचंय, मग या? गवत वाळल्यावर कोण उद्घाटन करतंय का?"

असलं गवत पदविकेत नव्हतं.

साहेब म्हणजे आमच्या भागातले माजी नगरसेवक. ते अकराला येणार होते म्हणून साडेबाराला आले, चाळीस माणसं घेऊन. तात्यांनी तोवर जोडावरच्या सगळ्या प्लेटा उचलायला लावल्या होत्या, कारण "सायेब काय उड्या मारत जाणार व्हय?" साहेबांनी गवत पाहिलं, चपला दारात काढल्या, आणि देवळात जावं तसे आत आले. मागून चाळीस माणसं अनवाणी. ओल्या जोडावरून एकूण ब्याऐंशी पाय गेले, मी मोजत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग नारळ. साहेबांनी हात जोडले, नारळ डोक्यावर नेला आणि पट्ट्याच्या बरोबर मध्ये आपटला.

नारळ उसळला. टप्पा घेऊन कमरेएवढा वर आला आणि निवांत घरंगळत डंबेल्सच्या स्टँडखाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं आपण कमी जोर लावला. दुसऱ्यांदा त्यांनी चवड्यावर उभं राहून आपटला. तो इंद्यानं झेलला.

"पेरणीच चांगली झालीया," मागून कुणीतरी म्हणालं. "रान मऊ हाय."

तिसऱ्या वेळी साहेबांचा चेहरा बदलला. उद्घाटनाला नारळ न फुटणं म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनी धावत जाऊन वीस किलोची प्लेट आणली आणि गवतावर ठेवली. कुठं ठेवली, तर जोडावर. मी "तात्या" म्हणेपर्यंत नारळ फुटला. एवढा वेळ वाट बघितल्यामुळं असेल, भरपूर पाणी निघालं. प्लेटच्या मधल्या भोकातून ते सगळं खाली गेलं. वरून तात्यांनी तांब्यातलंही ओतलं, हळदीकुंकू वाहिलं.

मग फोटो. वजनाची गाडी ढकलताना साहेबांचा फोटो घ्यायचा होता, पण साहेबांच्या कमरेत उसण भरली होती. मार्ग असा निघाला की साहेब गाडीवर बसले आणि इंद्यानं ढकललं. साहेब साधारण नव्वद किलो. ते हात हलवत साठ फूट गेले, साठ फूट आले. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं झाकण बंद राहिलं होतं म्हणून पुन्हा गेले.

शेवटी भाषण. साहेब म्हणाले, "आपल्या ह्या दुष्काळी तालुक्यात, थेंबभर पाण्याशिवाय, हे एवढं हिरवंगार गवत कुणी उगवून दाखवलं? आपल्या महिपतीनं! असे गवततज्ज्ञ गावोगावी पाहिजेत." कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि साहेबांकडं बघून थांबलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. हातात दुसरा नारळ दिला. आयुष्यात माझा सत्कार झालेला तो पहिला आणि आजवरचा शेवटचा.

लोक गेले. तात्या साहेबांना सोडायला गेले, इंद्या जेवायला गेला. मी शाल अंगावर तशीच ठेवून पट्ट्यावर चालत गेलो. दाराकडून चाळिसाव्या फुटावर, जिथं प्लेट ठेवली होती तिथं, जोड हातभर उकलला होता. दोन्ही कडा ओठ उघडावेत तशा वर आल्या होत्या आणि आत खोबऱ्याचा वास येत होता.

मी तो बंद केला आणि चार वाजता घरी गेलो. आईला शाल दाखवली. तिनं ती घडी करून ट्रंकेत ठेवली.

गुरुवारी सकाळी सहाला मी शेड उघडली तेव्हा इंद्या बाहेरच बसला होता. हातात नवीन बुटांचं खोकं. तळाला खाचा असलेले, मैदानासाठीचे. वडिलांनी घेऊन दिले होते.

"सायबांच्या वजनानं काय हाललं न्हाई न्हवं?" त्यानं विचारलं. "कालचं मला बरं वाटत न्हवतं. मी ढकलत हुतो तवा पायाखाली कायतरी सरकल्यागत झालं."

"मी बघितलं."

"चिकटलाय न्हवं जोड? पूर्ण?"

"चिकटलाय."

"तसं असंल तर मी आठ दिवस आत्याकडं जातो पळायला. तिथं मैदान हाय. उगं रिस्क नको."

"अरे चिकटलाय म्हटलं ना. पळ तू."

तो पळाला. गुरुवारी पळाला, शुक्रवारी पळाला. खाली वाकून, हात गवताला टेकवून, मी टाळी वाजवली की सुटायचा. शुक्रवारी मी घड्याळ लावलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मह्या, ह्या वेळंला जातोय बघ मी." तो असं कधी म्हणायचा नाही. आधीच्या दोन्ही वेळांना तो "बघू" म्हणाला होता.

शनिवारी सकाळी पावणेसातला, सहाव्या फेरीत, चाळिसाव्या फुटावर इंद्या पडला.

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं लाकूड मोडावं तसा झाला. तो उजव्या कुशीवर पडला होता आणि डावा गुडघा ज्या बाजूला वळायला नको त्या बाजूला वळून परत आला होता. त्यानं हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. मला नंतर कळलं, चाचणीला किती दिवस राहिले ते मोजत होता.

डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत धरून पुढं ओढला आणि तो ड्रॉवरसारखा पुढं आला. "लिगामेंट गेलंय," ते म्हणाले. "सहा महिने पळायचं नाव काढू नका. ऑपरेशनचं नंतर बोलू."

"डॉक्टरसाहेब, अकरा दिवसांनी माझी भरती हाय."

"ह्या वर्षी?" असं डॉक्टरांनी विचारलं, आणि मग आमच्याकडं बघून गुडघ्याला पट्टा बांधायला घेतला.

तात्या आले. इंद्याचे वडील आले, होमगार्डची खाकी पँट आणि वर साधा सदरा. ते कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले, बंदोबस्ताला राहायचे तसे. "कसं झालं?" एवढंच म्हणाले.

इंद्यानं माझ्याकडं बघितलं. "जोड तर चिकटला हुता," तो म्हणाला. "व्हय ना रं?"

"हो."

"मग बुटानं केलं. नवं बूट, खाचा लई. पाय धरून ठिवला त्यांनी."

वडिलांनी खाली मान घातली. बूट त्यांनी आणले होते. मी पाणी आणायला बाहेर गेलो आणि तिथंच नळाशी बराच वेळ थांबलो. आत आलो तेव्हा ते बुटांच्या दुकानदाराला शिव्या देत होते, हळू आवाजात, डोळे पुसत.

अकरा दिवसांनी आम्ही पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याला गेलो. सगळ्यांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. इंद्या म्हणाला, "नाव आलंय यादीत. न गेल्यावर 'गैरहजर' लिवत्यात. मला 'नापास' लिवलेलं पायजे." गुडघ्याला पट्टा, पायात तेच बूट, कारण दुसरे नव्हते. छातीवर नंबराचा कागद.

मला कुंपणाबाहेर थांबवलं. शंभर मीटरला त्याच्या गटात आठ जण होते. शिट्टी वाजली. सात जण गेले. इंद्या निघाला. डावा पाय सरळ ठेवून, प्रत्येक पावलाला कमरेतून एक गिरकी घेऊन. पहिले सात पोचून पाणी प्यायले तेव्हा तो निम्म्यात होता. पुढचा गट रेषेवर येऊन उभा राहिला होता. एक हवालदार त्याच्या शेजारून चालत होता, पळावं लागत नव्हतं.

"थांबलास तरी चालतंय रे," हवालदार म्हणाला.

"बोलवलंय ना, सर," इंद्या म्हणाला.

तो येत होता आणि मी कुंपणाची जाळी धरून उभा होतो. बुधवारी दुपारी मी जोड कसा बंद केला ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गोंदाचा डबा रात्रभर उघडा राहून दगड झाला होता. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उकलला असेल तर सगळं उचला, पुसा, वाळवा. नवा गोंद शनिवारी संध्याकाळी मिळेल. तोवर पट्टा बंद ठेवा." मी हो म्हणालो. मग साहेबांचा फलक चिकटवायला आणलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी तिथं पडली होती, ती आत घातली, कडा दाबल्या, आणि खिशातला कंगवा काढून वरचे केस विंचरले. एकदम बेमालूम झालं. रविवारी जिम बंद असते, रविवारी नीट चिकटवू असं ठरवलं.

पट्टा बंद ठेवायचा म्हणजे तात्यांना सांगायला लागलं असतं, तात्यांनी दारावर पाटी लावली असती, आणि सगळ्या आळीला कळलं असतं की गवततज्ज्ञाचं गवत सत्काराच्या दिवशीच उपटलं. एवढंच कारण. मी ह्याहून मोठं कारण गेली नऊ वर्षं शोधतोय. सापडलेलं नाही.

इंद्या रेषा ओलांडून गेला. एक मिनिट नऊ सेकंद. हवालदारानं ते आकडे खरंच लिहून घेतले.

परतीची गाडी दोनची होती. स्टँडवर बाकावर बसून इंद्यानं बूट काढले, एकावर एक आपटून माती झटकली आणि जोडीनं बाकाखाली सारले.

"न्यायचे नाहीत?"

"दादास्नी दिसाय नकोत घरात. रोज बघत बसत्यात त्यांच्याकडं." दादा म्हणजे वडील. मग तो समोर फलाटाकडं बघत म्हणाला, "मह्या, एकदाच इचारतो. जोड चिकटला हुता न्हवं?"

तिसऱ्यांदा विचारत होता. शेजारी एक म्हातारा शेंगा सोलत होता, तोसुद्धा थांबून माझ्याकडं बघायला लागला. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण त्याला खरं सांगणं जास्त सोपं गेलं असतं.

"चिकटला होता," मी म्हणालो.

"बरं झालं," इंद्या म्हणाला. "न्हाईतर तुझ्याशी बोलायचं सोडाय लागलं असतं. तेवढं मला जमलं नसतं आता."

गाडी लागली. तो अनवाणीच चढला, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. पाय वाकवायचा नव्हता, म्हणून तो खिडकीशी आडवा बसला आणि पट्ट्यातला डावा पाय त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. खड्डा आला की गुडघा हलायचा.

"धर," तो डोळे मिटून म्हणायचा.

मी दोन्ही हातांनी धरायचो. विट्यापर्यंत दीड तास लागला. रस्ता खराब होता.